दोरी आत आहे

“दाब. अजून दाब. घाबरतेस कशाला, स्प्रिंग आहे ती, सासू नाही.”

मी दाबलं. स्प्रिंग खाली बसली आणि व्हॉल्व्हच्या मानेवरची दोन लॉकं सुटी झाली, नखाच्या तुकड्याएवढी. ती मी चिमट्याने उचलून बशीत ठेवली. उभा जन्म लोकांचे कपडे शिवले, हुक-बटणं लावली. बारीक कामाला मी डरत नाही. पण साठीत इंजिनात हात घालशील असं कोणी सांगितलं असतं, तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

हे माझ्या बाजूला स्टुलावर बसून सांगत होते. एकोणचाळीस वर्षं यांनी गॅरेज चालवलं. गेल्या वर्षी झटका आला आणि उजवा हात लुळा पडला. डॉक्टर म्हणाले, हात गेला, बाकी सगळं शाबूत आहे. त्या बोलण्यावर आम्ही दिवस काढत होतो.

आमची जुनी गाडी सकाळी सुरू केली की निळा धूर सोडायची. शेजारचे खिडक्या लावून घ्यायचे. शेवटी जावयाने आम्हाला न विचारता भंगारवाल्याला सोमवारचं बोलावणं धाडलं. हे शांतपणे म्हणाले, “व्हॉल्व्हची सिलं गेलीत. रबराच्या टोप्या असतात नुसत्या. त्या कडक झाल्या की तेल झिरपून आत जळतं. रविवारी बदलू. सोमवारी धूर आला तर खुशाल न्या.”

जावयाने यांच्या लुळ्या हाताकडे पाहिलं. ते मला झोंबलं.

“मी बदलते. हे सांगतील,” मी म्हणाले.

गाडीचं मला एवढं नव्हतं. पण गाडीबरोबर यांच्यातला मेकॅनिकही भंगारात गेला असता, आणि ते मी होऊ देणार नव्हते.

कामात एक मेख होती. स्प्रिंग काढली की व्हॉल्व्हला धरणारं काही उरत नाही. तो खाली सिलिंडरमध्ये पडला तर अख्खं इंजिन उघडावं लागतं. गॅरेजात हे हवेच्या दाबाने त्याला वर धरायचे. घरात तसली हवा कुठली आणायची? म्हणून कपडे वाळत घालायची दोरी. स्पार्क प्लग काढून त्या भोकातून हातभर दोरी आत सारायची, मग पान्याने इंजिन फिरवून पिस्टन वर आणायचा. दोरी गच्च दबते आणि व्हॉल्व्हला खालून टेकू मिळतो. “बाकी सगळं विसरलीस तरी चालेल, दोरी विसरू नकोस,” असं यांनी मला सकाळपासून तीनदा बजावलं होतं.

दुपारपर्यंत चारांपैकी दोन सिलिंडर झाले. पक्कडीने ओढलं की जुनं सील जळक्या बटणासारखं निघायचं. नव्याला तेल लावून मी ते हलकेच बसवत होते. “हाताला वळण आहे तुझ्या,” हे म्हणाले. लग्नाला पस्तीस वर्षं झाली, असं काही पहिल्यांदाच ऐकलं.

चहा झाला. मी तिसरा प्लग काढला.

“हं, दाब स्प्रिंग,” हे म्हणाले.

“अहो, दोरी?”

“आहे आत. दाब.”

“नाही आत.”

“अगं, आत्ता माझ्यासमोर घातलीस. मला शिकवू नकोस.”

“अहो, ती तुमच्या मांडीवर आहे.”

यांनी खाली पाहिलं. दोरीचं वेटोळं मांडीवरच होतं, डावा हात त्याच्यावर. यांनी ते उचलून माझ्यापुढे धरलं. मग म्हणाले, “हाताचं मला माहीत होतं.”

मला गॅस आठवला. गेल्या महिन्यात दोनदा गॅस उघडा राहिला होता आणि मी दोन्ही वेळा स्वतःला बोल लावला होता. रडू येत होतं. पण इंजिन उघडं पडलं होतं आणि सोमवार तोंडावर होता. मी दोरी घेतली आणि भोकात सारायला लागले.

“तुझा तो मापाचा खडू आण,” हे म्हणाले. “दोरी आत गेली की बॉनेटवर रेघ. बाहेर आली की तिच्यावर फुली. आत राहिली आणि गाडी सुरू केली तर वाटोळं व्हायचं.”

“रेघ मी मारते.”

“नाही. रेघ मी मारणार.”

राहिलेले दोन सिलिंडर आम्ही तसे केले. मी दोरी घालायची, यांनी डाव्या हाताने रेघ मारायची. ती दरवेळी वाकडी जायची. मी पुसू दिली नाही.

सोमवारी जावई आणि भंगारवाला बरोबरच आले. किल्ली मी फिरवली. सुरुवातीला भुरका धूर आला आणि जावयाने मान हलवली. “तो धुराच्या नळीतला जुना,” हे म्हणाले. “थांबा.” आम्ही थांबलो. दोन मिनिटांनी मागे धूर काही दिसेना. भंगारवाला वाकून बघून आला. “चालत्या गाडीला मी हात लावत नाही,” म्हणाला आणि गेला.

“कोणी केलं काम?” जावयाने विचारलं.

“आम्ही,” हे म्हणाले. गॅरेजच्या कामात यांच्या तोंडून ‘मी’ सोडून दुसरा शब्द मी कधी ऐकला नव्हता.

सगळे गेल्यावर मी कापड बेतायला घेतलं, तर डब्यात खडू नव्हता. शोधत स्वयंपाकघरात गेले. गॅसच्या बटणाशेजारी भिंतीवर वाकडी रेघ होती, पेटवल्याची, आणि तिच्यावर बंद केल्याची फुली. गोळ्यांच्या डबीवरही एक रेघ होती, गोळी घ्यायची आहे म्हणून. घेतल्याची फुली अजून राहिली होती.

मी पाण्याचा ग्लास भरून डबीशेजारी ठेवला आणि कपाटातून माझ्यासाठी नवा खडू काढला.