अकरा तासांची तुरपाई

आमचे हे शिंपी. यांच्या गळ्यातली टेप फक्त आंघोळीपुरती उतरते. कुठलीही गोष्ट मापून बघितल्याशिवाय यांचा विश्वास बसत नाही, आणि एकदा मापली की मग हे कोणाच्या बापाचं ऐकत नाहीत.

लेक तीन वर्षांपूर्वी नोकरीसाठी लांब गेली. दोघं या, म्हणून दर आठवड्याला फोनवर मागे लागायची, आणि हे दर आठवड्याला नवी सबब काढायचे. शेवटी तिकिटांच्या ऑफिसातून मीच कागद आणला. अंतर नऊ हजार किलोमीटर, वेळ अकरा तास, आणि खाली नकाशावर विमानाचा रस्ता. तो धनुष्यासारखा वर वाकून पार बर्फाच्या मुलखातून जात होता.

झालं. यांनी दुकानातल्या भिंतीवरच्या नकाशाला टेप लावली. सरळ गेलं तर साडेआठ तासांचं काम, असा हिशेब काढला आणि येईल त्या गिऱ्हाइकाला ऐकवला. मला ठणकावून सांगितलं, "सरळ जाणारं विमान आण, मग बसतो."

माझं डोकंच फिरलं. यांना सोडून मी एकटी जाणार नव्हते, आणि हे हलले नाहीत तर लेकीचं तोंड आणखी किती वर्षं दिसणार नाही कोण जाणे. दोन दिवस अबोला धरला. तिसऱ्या दिवशी काजं-बटणं करायला बसले, तर समोर नारळाएवढी टाचण्यांची गोल उशी. तिच्या मध्याच्या बऱ्याच वर एक टाचणी अलीकडे, दुसरी बरोब्बर पलीकडे टोचली आणि उशी यांच्यापुढे आदळली.

"पृथ्वी गोल आहे ना? मग आता मापा."

यांनी टेप बाजूने फिरवली. साडेपाच इंच. मग उशीच्या डोक्यावरून टाकली. चार. पुन्हा मापली, पुन्हा चारच. ढेरपोट्या गिऱ्हाइकांची मापं घेण्यात जन्म गेलेला माणूस पृथ्वीला सपाट कापड समजून बसला होता. मला हसू आवरेना.

हे मात्र हसले नाहीत. टेप बोटाला गुंडाळत राहिले.

"अगं, रस्त्याचं काही नाही. अकरा तास रिकाम्या हातांनी मी कधी बसलोच नाही. त्याची भीती वाटते."

माझा राग कुठल्या कुठे गेला. कापड मी आणलं, यांनी लेकीसाठी कोट बेतला. मशीनवरचं सगळं घरी उरकलं. बाह्या, अस्तर, खालची घडी, सगळी हातची तुरपाई विमानासाठी राखून ठेवली. माप तीन वर्षांपूर्वीचं, यांच्या डोक्यातलं.

विमानात मी जेवले, झोपले, पुन्हा जेवले. यांनी मान वर केली नाही. शेवटचा टाका घातला तेव्हा समोरच्या पडद्यावर पाऊण तास उरला होता. तेवढा वेळ माझा हात धरून काढला.

बाहेर लेक धावतच आली. यांनी तिला कवेत घेतलं ते सोडेचनात. मग तिच्या खांद्यावरून माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, "दीड इंच बारीक झालीय गं."

टेपेला हातही लावला नव्हता. कोट कमरेत उसवून पुन्हा आवळावा लागणार होता, आणि वाढलेल्या कामाने इतकं खूश झालेलं मी यांना जन्मात पाहिलं नव्हतं.