गाद्या सरकवल्या तेव्हा

चौऱ्याऐंशी साली गुणाजी परब अंधेरीच्या एका स्टुडिओत स्टिल फोटोग्राफर होता. शूटिंग चालू असताना पोस्टरसाठी, वर्तमानपत्रांसाठी फोटो काढायचे, हे त्याचं काम. त्या दुपारी आवारातल्या माडीवरून नायिका पाठमोरी खाली कोसळते, असा शॉट होता. कोसळणार होती मालन. विक्रोळीची ही मुलगी नायिकेची साडी नेसून तिच्या जागी उड्या मारायची.

शॉटआधी गुणाजीने तिला कठड्यावर उभं केलं. खालच्या गाद्यांचा कोपरा फोटोत येत होता. त्याने हाताने खूण केली, तशा सेटवरचं सामान हलवणाऱ्या दशरथने गाद्या भिंतीकडे ओढल्या. तीन फोटो झाले. तेवढ्यात दशरथला कोणीतरी पंखा हलवायला बोलावलं. ऊन उतरत चाललं होतं, डायरेक्टर घाई करत होता. गुणाजी रोल बदलायला खाली बसला आणि गाद्यांचं त्याच्या डोक्यातून गेलं. मान वर केली तेव्हा मालन फरशीवर पडली होती.

तिचा कणा मोडला. कमरेखालचं अंग गेलं.

पोलीस आले तेव्हा प्रॉडक्शन मॅनेजर चंद्रप्रकाशने दशरथचं नाव सांगितलं. फोटोवाल्यांनी सांगितलं म्हणून ओढल्या, असं दशरथ रडत म्हणत होता. गुणाजीला विचारलं, तर तो म्हणाला, मी काही बोललो नाही. ते खोटंही नव्हतं. तो बोलला नव्हता, नुसती खूण केली होती. दशरथवर केस झाली.

महिनाभर गुणाजी कामावर जात राहिला. पण फोटो हलायचे. शेवटी एका रविवारी तो मालनच्या घरी गेला. तिची आई रुक्मिणी तिला कुशीवर वळवत होती. त्याने उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. रुक्मिणीचे हात थांबले.

मालन म्हणाली, "ठाऊक आहे मला. मी वरनं बघत होते ना. वाटलं, परत ठेवतील. मग पाठ करून उभं राहायचं होतं."

"मग पोलिसांना का नाही सांगितलंस?" गुणाजीने विचारलं.

"त्यांनी नाव विचारलं, वय विचारलं, कशी पडले ते विचारलं. गाद्या कोणाच्या सांगण्यावरून हलल्या, ते कोणी विचारलंच नाही. आणि वाटलं, तुम्ही सांगाल."

सोमवारी गुणाजीने चौकीत जाऊन जबाब दिला, गाद्या नसलेले ते तीन फोटोही दिले. दशरथ सुटला, केस गुणाजीवर आली. सेटवर मात्र दोघांनाही पुन्हा कोणी घेतलं नाही. गुणाजी मुलुंडच्या एका दुकानात पासपोर्टचे फोटो काढू लागला.

वर्षभराने तो पुन्हा विक्रोळीला गेला. रुक्मिणी दारात आडवी उभी राहिली. आतून मालनने विचारलं, कोण आलंय?

"कोणी नाही," रुक्मिणी म्हणाली आणि तिने दार लावून घेतलं.