लुद्विकच्या पत्रातला शब्द

"तीनच तर वाक्यं आहेत, आजी," फादर त्सेझारी म्हणाले. "तुम्हाला वाचता येत नाहीत?"

"येतात की. पाठ आहेत. पण पोलंडच्या माणसाच्या तोंडून एकदा ऐकावीत म्हटलं."

कझाकस्तानातल्या त्या गावात पोलंडहून पाद्री यायला १९९३ साल उजाडावं लागलं. ब्रोन्या तेव्हा एकसष्ट वर्षांची होती. चार वर्षांची असताना पोलिश म्हणून तिच्या घरच्यांना सोव्हिएत सरकारने आगगाडीत कोंबून इथल्या माळावर आणून टाकलं होतं. पहिल्याच हिवाळ्यात आई गेली आणि पोलिश भाषा प्रार्थनेपुरती उरली. शाळा रशियन, गोठ्यात दूध काढणाऱ्या बायकांचं बोलणं रशियन. लुद्विकशी लग्न ठरलं तेही रशियनमध्येच बोलून. छप्पन्न साली त्याला मायदेशी परतायची परवानगी मिळाली, तिला मिळाली नाही. वर्षभराने त्याचं हे पत्र आलं, पोलिशमध्ये लिहिलेलं.

फादर वाचू लागले. "ब्रोन्या, मी सुखरूप पोचलो. तुला इकडे बोलावणं जमणार नाही. मला..." ते थांबले.

"लक्षात ठेव," तिने वाक्य पुरं केलं. "झापोम्नी, असंच लिहिलंय ना? म्हणून तर राहिले. ट्रॅक्टरवाला एमिल दोनदा लग्नाचं विचारायला आला होता. भला माणूस. त्याला सांगितलं, मला कुणीतरी आठवण ठेवायला सांगितलंय."

फादर पत्राकडेच बघत राहिले.

"काय झालं? लिहायला चुकलाय का तो?"

"नाही, आजी. शब्द एकाच मुळातला आहे. रशियनमध्ये त्याचा अर्थ लक्षात ठेव. आमच्यात मात्र..."

"आमच्यात म्हणजे? मीसुद्धा पोलिशच आहे ना?"

"आपल्यात," फादर हळूच म्हणाले, "आपल्यात त्याचा अर्थ विसरून जा."

ब्रोन्याने हात मांडीवर पालथे ठेवले. ती म्हणाली, "म्हणजे त्याने मला मोकळं केलं होतं."

"हो."

"आणि एमिलला जाऊन चार वर्षं झाली."

तिने पत्राची घडी घातली.

"गावात बोलू नका हं, फादर. इतकी वर्षं वाट बघणारी बाई म्हणून लोक मला ओळखतात. आता या वयात दुसरं कोण होऊ?"

बाहेर हातपंपाशी रांग होती. ब्रोन्या दिसताच पुढच्या तिघी नेहमीसारख्या बाजूला सरल्या. तिने बादली भरली, मान हलवून आभार मानले आणि ती घराकडे चालू लागली.