दारात कोण होतं?

सांगलीत गोपाळकृष्णाला नट म्हणून ओळखणारं कुणी उरलं नव्हतं. चार सोमवार काय तो त्याचा उदोउदो झाला. मुंबईच्या टीव्हीवर गोड बोलून लोकांना टोपी घालणाऱ्या दोन ठगांची मालिका सुरू झाली होती. त्यातला मिशीवाला, हसरा, खोटा मेजर म्हणजे हा. तेरा भाग व्हायचे होते. चौथ्यानंतर वरून कुणाचा तरी निरोप आला, लोकांना ठग फारच आवडायला लागलेत, बंद करा. झालं! मेजरसाहेब गाशा गुंडाळून सांगलीला आले आणि रिक्षाला कर्णा बांधून सिनेमांच्या जाहिराती ओरडत फिरू लागले. हौसेला मोल नसतं म्हणतात, पण पोट कुठे हौसेवर भरतं?

शहात्तर सालच्या वैशाखात, भर दुपारी, त्याच्या खोलीच्या दारात दोन बायका येऊन उभ्या राहिल्या.

"मेजरसायेब हितंच ऱ्हात्यात न्हवं?" म्हातारीनं विचारलं.

त्या नावानं हाक ऐकून तो नकळत ताठ झाला. एक तरी प्रेक्षक उरला होता म्हणायचा!

म्हातारीचं नाव मनुबाई, फलटणजवळच्या गावची. मागे पितळी डबा उराशी धरून उभी होती ती तिची सून शालू, तेवीस-चोवीस वर्षांची, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. गावच्या आकाराम सुभेदारानं टीव्ही आणला होता, तो दर सोमवारी देवळासमोर मांडायचे. चित्रात मुंग्याच जास्त, पण अख्खा गाव बसायचा. सुभेदारानंच मुंबईला पत्र घालून गोपाळकृष्णाचा पत्ता मिळवला होता.

"त्यो चवथा खेळ," मनुबाई म्हणाली. "तुमी त्या म्हातारीच्या घरी आलासा. लढाईत गेलेला तिचा ल्योक जित्ता हाय, कैदेत हाय, म्हनलासा. तिचं लाडू खाल्लंसा, पाटल्या घिऊन गेलासा. मंग राती दाराची कडी वाजली. म्हातारी उठली, कडी काढली... आन खेळ बंद. फुडल्या सोमवारी बगतोय तर टीव्हीवर खतं कशी घालायची त्ये सांगाय लागलं. सायेब, दारात कोण हुतं?"

गोपाळकृष्ण हसणार होता. पण म्हातारी त्याच्या तोंडाकडे डोळे लावून उभी होती.

"माजा हंबीरराव एकाहत्तरच्या लढाईत गेला," ती म्हणाली. "बेपत्ता म्हून कागुद आला. मेला म्हनत न्हाईत, जित्ता म्हनत न्हाईत. हिच्या भावांनी हिला दुसरं स्थळ बगितलंय. माणूस चांगला हाय. मी देवीला कौल लावला. उजवी कळी पडली तर ल्योक येनार, डावी पडली तर न्हाई. तीनदा लावला, सायेब. दोनी कळ्या देवीच्या अंगाला तशाच चिकटून! मंग म्या मनाशी धरलं, देवीनं कौल त्या खेळात घातलाय. ती म्हातारी माज्यावानीच. तिच्या दारात ल्योक असंल तर माजा बी येतोय, शाली माज्या घरात ऱ्हाईल. नसंल तर हिला भावांच्या हवाली करीन. कौल एकदा मिळाला की मोडायचा न्हाई."

"आजी, अहो, ती गोष्ट आहे. कुणीतरी बसून लिहिलेली."

"त्याला लिवायची बुद्दी कुनी दिली?"

टीव्हीच्या खोक्यात देवी बसवलेल्या बाईशी वाद कसला घालायचा?

दारात कोण होतं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पाचवा भाग चित्रित झाला होता. दारात मुलगा होता. पाठीवर पिशवी, वाढलेली दाढी. ठगानं थाप मारावी आणि ती खरी ठरावी, असा सगळा बेत होता. खोट्या मेजरनं पाटल्या परत आणून मायलेकांसमोर मान खाली घालायची. त्याच्या उभ्या आयुष्यातला तो सगळ्यात चांगला प्रवेश, आणि कुणी पाहिला नव्हता. आता एक बाई इतक्या लांबून तोच विचारायला आली होती. सांगून टाकावं, म्हातारीचा चेहरा उजळलेला बघावा, असं त्याला फार फार वाटलं.

त्यानं शालूकडे पाहिलं. ती खाली मान घालून उभी होती. पाच वर्षं होत आली होती. आपण 'मुलगा' म्हटलं की आणखी पन्नास जाणार. ही पोर दाराकडे बघत म्हातारी होणार, आणि तेही आपल्या एका शब्दावर.

"पोस्टमन होता," तो म्हणाला.

"आं?"

"दारात पोस्टमन होता, आजी. त्याच्या हातात तार होती. तिचा मुलगा लढाईतच गेला होता. मेजर खोटं बोलला होता."

मनुबाई खाली बसली. रडली नाही. मग तिनं शालूच्या हातातला डबा घेऊन त्याच्यापुढे सरकवला.

"ल्योक कैदेत असंल तर तुमच्या हातनं धाडावं म्हून केल्तं," ती म्हणाली. "खा आता तुमीच. खेळात तुमाला लय आवडलं हुतं."

लाडू डिंकाचे होते. त्यानं एक उचलला. ती बघत होती म्हणून तो सगळा खाल्ला.

"चल गं, शाले," म्हणत म्हातारी भिंत धरून उठली आणि उन्हात चालू लागली.

शालू डबा न्यायला मागे राहिली. त्यानं लाडू कागदावर काढले, डबा तिच्या हातात दिला. तेव्हा तिनं पहिल्यांदा वर पाहिलं.

"सायेब, खरंच पोस्टमन हुता?"

समोरच्याला काय ऐकायचंय ते चेहऱ्यावरून ओळखायचं, एवढी एक विद्या त्या खोट्या मेजरनं त्याला शिकवली होती. या चेहऱ्यावरून त्याला काही म्हणजे काही कळेना. आपण हिला विचारलंच नाही, हे मात्र आत्ता लक्षात आलं.

"आजींना हाक मारू का?" त्यानं चाचरत विचारलं.

"नगं. त्यास्नी कौल मिळाला. खरंच पोस्टमन हुता का, तेवडं सांगा."

म्हातारी गल्लीच्या वळणाशी पोचली होती. वळून सुनेची वाट बघत होती.

"होय," गोपाळकृष्ण म्हणाला.

"बरं," शालू म्हणाली. डबा काखोटीला मारून ती उंबरा उतरली, आणि कुणी पुसायला धावून आल्यासारखा कपाळावरच्या कुंकवावर हात धरून सासूच्या मागे चालत गेली.