दोन राजांचं नाणं

देवयानी अमेरिकेतल्या स्टेट कॉलेज गावाहून बसचे धक्के खात वेस्ट विंडसरला आली, ती प्रतिमाकाकूंच्या अनारशांवर डोळा ठेवून. पण फुकट खाऊ घालतील तर त्या काकू कसल्या! आल्या आल्या त्यांनी लक्ष्मीपूजनाची चांदी आणि टूथपेस्टची ट्यूब तिच्या पुढ्यात ठेवली.

निरांजन उजळलं, करंडा उजळला. मग हाती आलं अंगठ्याच्या नखाएवढं एक काळं नाणं. पेस्ट लावणार तोच तिचा हात थबकला. नाण्यावर तीन कमानींची टेकडी! आणि टेकडीखालून डोकावणारं कुणाचं तरी नाक, हनुवटी, कडेला ग्रीक अक्षरं.

पोरीनं ते लगेच ओळखलं. गौतमीपुत्र सातकर्णीने क्षत्रप नहपानाला हरवलं आणि त्याच्याच नाण्यांवर आपला ठसा मारला. त्या विजयाच्या एका वर्षावर तर तिची पीएचडी चालली होती, आणि असलं नाणं आजवर तिनं नुसतं फोटोत पाहिलेलं. ती तशीच ओल्या हातांनी हॉलमध्ये धावली.

दिगंबरकाका टीव्हीवर मॅच बघत होते. त्यांनी नाण्याकडे धड पाहिलंही नाही. बिघडलेलं आहे, म्हणाले, पूजेतही आम्ही ते मागेच सारतो. त्यांचे वडील, दादा, नाशिकला इतिहासाचे मास्तर. मुलगा अमेरिकेला निघाला म्हणून त्यांनी अबोला धरला होता. निघताना हे नाणं हातावर ठेवून ते एवढंच बोलले होते, "हे घे. तुझ्यासारखंच आहे."

धड ना इकडचा, ना तिकडचा, असंच म्हणायचं होतं त्यांना, असा काकांचा समज. हे शल्य काकांनी जन्मभर उराशी बाळगलं होतं.

देवयानीला आता कोण आवरणार? तिनं टीव्ही बंद केला, काकांना हाताला धरून खिडकीशी नेलं, आणि नाणं उजेडात तिरकं धरून टेकडीखालचा नहपान दाखवला. राज्य बदललं तरी ही नाणी वितळवली नव्हती. नवा ठसा वर बसला, जुना चेहरा खाली तसाच राहिला, आणि चांदी तीच.

"काका, हे बिघडलेलं नाही, असंच घडवलंय. आणि इतिहासाच्या मास्तरांना हे ठाऊक नसेल, असं वाटतं तुम्हाला?"

काका नाण्यावरून बोट फिरवत राहिले, आणि बघता बघता त्यांचे डोळे भरून आले.

संध्याकाळी पूजा मांडताना काकूंनी सवयीनं नाणं मागे सारलं. काकांनी ते उचलून लक्ष्मीच्या अगदी पुढ्यात ठेवलं.

"पुढेच असू दे," ते म्हणाले. "माझ्या दादांनी दिलंय."

वडिलांचं नाव त्यांनी असं मिरवत घेतलेलं काकू पहिल्यांदाच ऐकत होत्या.