हलू नकोस, झकास दिसतंय!

मित्रांनो, नाहूरला शांताबाईंच्या दाराशी दोडक्याचा एक वेल आहे. तो ज्या वाकड्या, एका बाजूने काळ्या पडलेल्या नळीवर चढला आहे ना, ती नळी म्हणजे मी. हसू नका. चार वर्षांपूर्वीपर्यंत मी टीव्हीचा अँटेना होतो आणि आमच्या बैठ्या चाळीतली सगळी बिऱ्हाडं दर रविवारी माझ्या भरवशावर बसत. आज माझ्यावर दोडके लोंबतात, याचं मला वाईट वाटत नाही असं म्हटलं तर ते खोटं होईल. पण मला सांगायचं आहे ते दुसरंच. ज्या रविवारी मी पडलो, त्या रविवारी तेरा वर्षांच्या एका मुलाचा जीव माझ्यापाशी अडकला होता आणि खाली पंचवीस माणसं आनंदाने ओरडत होती.

माझा जन्म साकीनाक्याचा. पत्र्याच्या एका लांबट शेडमध्ये अर्बन नावाचा कारागीर ॲल्युमिनियमच्या नळ्या कापत असे. तो गोराईचा, रोज होडीने खाडी ओलांडून कामाला येणारा. त्याने मला भोकं पाडली, नट आवळले, एक डोळा मिटून मी सरळ आहे का ते पाहिलं आणि मला न्यायला आलेल्या गुणाजींना बजावलं, "उंच लाव, आणि लाईटच्या वायरीपासून लांब लाव. मग हा तुला कधी दगा देणार नाय."

गुणाजी म्हणजे शांताबाईंचे यजमान. मूळचे मालवणकडचे, गिरणी सुटल्यावर मुलुंडच्या एका कारखान्यात वॉचमन झालेले. शांताबाईंच्या भावाने रंगीत टीव्ही घेतला तेव्हा आपला जुना, काळा-पांढरा बहिणीला दिला आणि त्याच्यासाठी मी आलो. गुणाजींनी अर्बनचं पहिलं सांगणं ऐकलं, दुसरं नाही. त्यांचाही नाइलाज होता म्हणा. समोर चार मजली इमारत उठली होती, आणि तिच्या आडून येणारं चित्र आमच्या छपराच्या एकाच कोपऱ्यावर सापडे. नेमक्या त्याच कोपऱ्याजवळून लाईटच्या उघड्या तारा जात होत्या. "दोन हात अंतर आसा, पुरे झाला," म्हणत त्यांनी मला तिथेच उभा केला.

पहिली दोन वर्षं माझं फार कौतुक झालं. "गुणाजीचा अँटेना बघा!" असं लोक म्हणत आणि मी शेफारून जाई. मग वाऱ्याने माझा खालचा पट्टा ढिला झाला. मी मनाला येईल तसा फिरू लागलो आणि पडद्यावर मुंग्या दिसू लागल्या. पट्टा बदलावा असं सगळेच म्हणत. बदलला कोणीच नाही. सगळ्यांचं काम ते कोणाचंच नव्हे. त्याऐवजी रविवारी कोणीतरी छपरावर चढून मला धरून उभं राहायचं, अशी पद्धत पडली. वर उभा असलेला दर थोड्या वेळाने ओरडे, "दिसतंय काऽऽ?" आणि खालून उत्तर येई, "दिसतंय!" किंवा "थोडा डावीकडे!"

वर जाणाऱ्याची मालिका बुडे, म्हणून कोणी राजीखुशीने जात नसे. पोरांनी त्यावर नियम काढला. रविवारी सकाळी लगोरी खेळायची आणि हरेल त्या संघाच्या कप्तानाने वर जायचं. एका संघाची कप्तान होती गुणाजींची मुलगी मालन, बारा वर्षांची, हाताने चपळ आणि तोंडाने त्याहून चपळ. दुसऱ्याचा कप्तान शेजारच्या खोलीतला लवू.

मालिका जपानी होती, हिंदी बोलणारी. नाव 'आकाशवीर'. तिचा नायक केंजी डोक्यावर टोप चढवून राक्षसांशी लढायचा. तो टोप लाल की निळा यावर आमच्या चाळीत दोन तट होते, कारण आमच्या टीव्हीवर तो राखाडी दिसे. पण खरी ठिणगी पडली शेवटून दुसऱ्या भागाला. त्या आठवड्यात लगोरीत मालन हरली होती. ती माझ्यापाशी वर, आणि लवू खाली अगदी टीव्हीसमोर.

त्या भागात केंजी आणि त्याचा प्रतिस्पर्धी गोरो यांच्यात शर्यत होती. जो आधी डोंगरावर पोहोचेल त्याला सूर्यकवच. मधेच दोरीचा पूल तुटला. केंजीने तुटलेली दोरी दोन्ही हातांनी धरून ठेवली, तिच्यावरून गोरो पलीकडे गेला आणि कवच घेऊन निघूनही गेला. केंजी दोरी धरून कड्यावर लोंबतोय, तिथे भाग संपला. मला चित्र पकडता येतं, पाहता येत नाही. हे सगळं मला खालच्या आरड्याओरड्यातून कळलं, आणि मालनलाही तसंच.

मग आठवडाभर चाळीत दुसरा विषय नव्हता. नळावर तेच, ओट्यावर तेच. गुणाजींनी विडी बाजूला ठेवून निकाल दिला, "ह्यो आमच्या गिरणीत असतो, तर ह्येका आमी लीडर केलो असतो." लवूचं मत अगदी उलटं होतं.

"येडा आहे केंजी," तो म्हणाला. "जिंकत होता ना? मग दोरी कशाला धरायची? गोरो दुश्मन आहे यार!"

"सोडली असती तर गोरो मेला असता," मालन म्हणाली.

"तू तर भाग बघितलाच नाहीस. तू वर होतीस."

"मी वर होते म्हणून तू बघितलास!" मालन उसळली. "मग मी पण येडी का रे?"

एरवी हजरजबाबी असलेला लवू त्या दिवशी मान खाली घालून घरी गेला.

शेवटचा भाग मे महिन्यातल्या एका रविवारी होता. सकाळी लगोरी रंगली. शेवटचा डाव लवूकडे आला. समोर लगोरी उभी, अंतर जेमतेम सहा पावलं. लवूचा चेंडू हातभर बाजूने गेला. तो मुद्दाम हरला का, हे त्याने कधी कोणाला सांगितलं नाही. पण सहा पावलांवरून नेम चुकणारा तो पोरगा नव्हता. मालनने त्याच्याकडे रोखून पाहिलं. तो शिडीकडे चालू लागला.

आमचं छप्पर सिमेंटच्या पत्र्यांचं. त्यावर चालायचं तर खिळ्यांच्या ओळीवरून, कारण खिळ्याखाली वासा असतो. दोन ओळींच्या मधल्या पत्र्यावर भरवसा ठेवायचा नाही, हे पोरांनाही पाठ होतं. लवू ओळीवरून नीट आला, मला दोन्ही हातांनी धरलं आणि मालिका सुरू झाली.

दहा मिनिटं ठीक गेली. "दिसतंय काऽऽ?" "दिसतंय!" मग वाऱ्याचा एक झोत आला आणि इतके दिवस ढिला असलेला माझा पट्टा तुटला. मी गर्रकन फिरलो. खालून बोंब उठली, "गेलं! ए लवू, गेलं! धर, धर!"

लवूने मला धरायला झेप घेतली आणि त्याचा पाय खिळ्यांची ओळ सोडून पडला. कड्कन आवाज झाला. पत्रा फुटला आणि त्याचा डावा पाय मांडीपर्यंत आत गेला. खाली मोरी होती, तिथे कोणी नव्हतं, आणि त्या बोंबाबोंबीत तो आवाज कोणाला ऐकूही गेला नाही. पत्र्याची धार मांडीत रुतली. पण हात सुटले नाहीत. त्याने मला तसाच तिरका धरून ठेवला, आणि माझं टोक लाईटच्या तारेपासून वीतभर अंतरावर येऊन थांबलं.

आणि काय सांगू मित्रांनो, नेमक्या त्याच तिरक्या अवस्थेत कधी आलं नव्हतं इतकं स्वच्छ चित्र आलं.

"आलं, आलं! लवू, झकास दिसतंय! हलू नकोस! तसाच राहा!" पंचवीस जण एका सुरात ओरडले. टाळ्या पडल्या. खरं सांगतो, क्षणभर मलाही आनंद झाला. इतकी वर्षं कौतुकाला चटावलेला मी. मग माझं लक्ष तारेकडे गेलं आणि मी मनातून गारठलो. मी धातूचा. तारेला टेकलो, तर माझ्या मागोमाग लवू गेला असता.

सोड रे बाळा, मला सोड, असं मी किती वेळा म्हटलं! पण अँटेनाला वाचा कुठली? वारा आला की वीत कमी होई. लवूचे दंड थरथरत होते. त्याच्या चड्डीवर रक्त पसरत होतं. एक हाक मारली असती तर खालची सगळी माणसं धावली असती. पण हाक मारली तर शेवट बुडेल, एवढंच त्याच्या डोक्यात बसलं होतं. खालून कोणी केंजीला ओरडत होतं, "सोडू नकोस!" आणि तो दात आवळून मला आणखी घट्ट धरत होता.

खाली मालन अगदी पुढे बसली होती. पडद्यावर केंजीची बोटं एकेक करून सुटत होती. आणि अचानक तिच्या ध्यानात आलं, की बराच वेळ वरून "दिसतंय का" आलेलं नाही.

"लवू!" तिने हाक मारली. उत्तर नाही.

"गप गं, ऐकू दे!" मागून कोणीतरी खेकसलं.

"तो गप का आहे?"

"चित्र दिसतंय ना? मग बस खाली!"

मालन उठली. लोकांच्या पायांवर पाय देत, शिव्या खात ती बाहेर पडली आणि शिडी चढली. छपरावर डोकं काढलं तशी तिचा चेहरा पांढरा पडला. पण पोर धीराची. ती ओरडली नाही. खिळ्यांच्या ओळीवर पोट टेकून ती सरपटत पुढे आली आणि हातभर अंतरावर थांबली.

"लवू, सोड त्याला."

"दिसतंय का?" त्याने विचारलं. आवाज जेमतेम निघाला.

"दिसतंय. आता सोड."

"संपलं?"

खाली तर नुसता गोंधळ चालला होता. मालनने तारेकडे पाहिलं, माझ्या टोकाकडे पाहिलं आणि म्हणाली, "संपलं."

"काय झालं शेवटी?"

"गोरो परत आला."

"तो कशाला येतोय?"

"आला. कवच टाकून दिलं आणि आला. केंजीला म्हणाला, दोरी सोड, मी आहे." तिने हात पुढे केला, पण लवूला शिवली नाही. "आधी सोडायची, लवू. केंजीने आधी दोरी सोडली, मग हात धरला. सोड ना रे!"

लवूने तिच्या हाताकडे पाहिलं. मग त्याची बोटं उघडली.

मी पडलो. माझी चपटी वायर तटकन तुटली आणि मी दोन तारांवर आडवा झालो. निळा जाळ, कानठळ्या बसवणारा बार, आणि अख्ख्या चाळीची वीज गेली. तुम्ही म्हणाल, काय हा अँटेनाचा त्याग! छे. मला कोणी विचारलं नव्हतं. सुटलो म्हणून पडलो, एवढंच.

खाली संतापाचा कल्लोळ उठला. "अरे, आत्ताच? कोणी केलं हे? उतर खाली, बघतोच तुला!" सगळे मुठी आवळून अंगणात धावले. वर पाहिलं, आणि एकेकाच्या मुठी सुटल्या. रुतलेल्या लवूचे दोन्ही हात मालनने धरले होते, आणि दोघंही रडत होती. गुणाजी हातोडा घेऊन चढले. पत्रा फोडून त्यांनी लवूला मोकळं केलं. "चूक माझी हा रे पोरा," ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. "हयसर ह्यो लावूकच नको होतो."

लवूला चौदा टाके पडले. शेवट आमच्या चाळीत कोणीच पाहिला नाही, आणि त्या आठवड्यात 'आकाशवीर'चं नावही कोणी काढलं नाही. पुढच्या रविवारी लवूचा मुलुंडचा मावसभाऊ नंदकिशोर त्याला बघायला आला. त्याने शेवटचा भाग पाहिला होता, तोही रंगीत. पोरं त्याच्याभोवती जमली. मी तेव्हा भिंतीला टेकून पडलो होतो.

"तर मग केंजी काय करतो..." नंदकिशोरने सुरुवात केली.

"नको सांगू," लवू म्हणाला. "मला माहितीय शेवट."

मालनने मान खाली घातली. "लवू, ते मी तुला..."

"माहितीय. संपलं नव्हतं. खाली सगळे ओरडत होते, मी काय बहिरा आहे?"

"मग सोडलास कसा?"

"तू आलीस ना," लवू म्हणाला.

मित्रांनो, आत्मकथेच्या शेवटी आमच्यासारख्या जुन्या वस्तू म्हणतात, आमची काळजी घ्या. मी ते मागणार नाही. मला दोडके पुरेत. पण तुमच्या घरात सगळं स्वच्छ, छान दिसत असतं तेव्हा कोणीतरी कुठेतरी काहीतरी धरून उभं असतं. त्याला मधूनमधून हाक मारा. चित्र कसं दिसतंय ते सांगायला नव्हे, तो बरा आहे ना हे विचारायला. आणि उत्तर आलं नाही, तर गोष्ट कितीही रंगात आलेली असो, उठा आणि शिडी चढा.