आवाज मास्तरांचा

सरकारने रस्सीखेच हा राष्ट्रीय खेळ म्हणून जाहीर केला, तेव्हा सगळ्यात जास्त आनंद आमच्या घरात झाला. देशात तो खेळ मनापासून खेळणारी माणसं मोजकीच होती आणि त्यातली एक आमची ताई होती. खेळाच्या प्रसारासाठी लगेच एक मंडळ निघालं. मंडळाने आधी खुर्च्या घेतल्या, मग खुर्च्यांना पुरतील एवढी माणसं घेतली. दोराला अजून मंजुरी मिळायची होती.

ताई संघात सगळ्यात शेवटी उभी राहायची, दोर अंगाभोवती घेऊन. मैदानावर तिला खुंटा म्हणत. सकाळी तिला उठवताना आम्हालाही ते नाव पटायचं. तिला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती, राष्ट्रीय संघातली ती शेवटची जागा.

ओढताना माणूस इतका मागे कललेला असतो की त्याला फक्त आभाळ दिसतं. म्हणून बाजूला उभं राहून कुणीतरी आवाज द्यावा लागतो. ‘धर’ म्हटलं की टाचा रोवून थांबायचं, ‘ओढ’ म्हटलं की ओढायचं. स्वतःचं डोकं चालवलं की संघ तोंडावर पडतो. ताईला शाळेपासून तिचे खेळाचे मास्तर आवाज देत आले होते. आई जेवायला हाका मारून थकायची, तेव्हा ताईला काही ऐकू यायचं नाही. मास्तर गल्लीच्या तोंडाशी नुसते खाकरले तरी ती ताठ उभी राहायची.

निवड चाचणीला दोराच्या एका टोकाला ताई होती आणि दुसऱ्या टोकाला तिच्याहून बारीक एक मुलगी. शिट्टी झाली. मास्तर म्हणाले, “धर.” ताईने धरलं. समोरची ओढत होती, मास्तर ‘धर’ म्हणत होते, आणि ताई टाचांनी मैदान नांगरत शिस्तीत पुढे सरकत होती. ती रेषा ओलांडून गेली तेव्हाही तिने धरलेलंच होतं. घरी येताना ती मला समजावत होती की मास्तरांनी काहीतरी पाहिलं असणार, ते तिला दिसलं नसेल.

पुढच्या आठवड्यात मास्तर मंडळाचे प्रसार अधिकारी झाले आणि चौकाचौकांत ताईचं पोस्टर लागलं. त्यात दोर नव्हता. दोरामुळे मंडळाचं नाव झाकलं जात होतं म्हणे.

मग एक दिवस तिला आणखी फोटो काढायला न्यायला मास्तर घरी आले. आईने चहा दिला. ताईने विचारलं, “मास्तर, तुम्ही ‘ओढ’ का नाही म्हणालात?”

मास्तरांनी काही लपवलं नाही. “नियम आहे गं पोरी. खेळणारा माणूस पोस्टरवर चालत नाही. खेळणारा कधीतरी हरतो, मग खेळाची बदनामी होते. तुझा चेहरा पोस्टरसाठी चाचणीआधीच मंजूर झाला होता. आणि मला तरी या वयात दुसरी नोकरी कोण देणार?”

आईने त्यांच्या हातातला अर्धा कप काढून घेतला आणि आत नेऊन विसळला.

ताई म्हणाली, “फोटोला येते. पण हे आधी मैदानावर सगळ्या मुलींसमोर सांगा.”

“सांगतो की,” मास्तर म्हणाले. मला ते फारच सोपं वाटलं.

मैदानावर मुली गोळा झाल्या. मास्तरांनी घसा साफ केला. आता ते प्रसार अधिकारी होते, त्यांना बोलायचं प्रशिक्षण मिळालं होतं. ते म्हणाले की हिला ओढता येत होतं, पण खेळ मोठा व्हावा म्हणून हिने माझ्या एका शब्दावर आपली जागा सोडली. शेवटी त्यांचे डोळेही भरून आले. ते प्रशिक्षणात होतं की नाही, मला सांगता येत नाही. मुलींनी टाळ्या वाजवल्या. जिने ताईला हरवलं होतं, तिने तर धावत येऊन मिठीच मारली.

“एवढं मोठं मन कुठून आणता हो ताई?” ती रडत रडत म्हणाली.

“मी जागा सोडली नव्हती,” ताई म्हणाली.

ती मुलगी मागे वळून बाकीच्यांना म्हणाली, “बघा, आणि वर बोलूनही दाखवत नाहीत.”

टाळ्या पुन्हा सुरू झाल्या.